अनुभवाचा दाखला

परिचर्येचा अभ्यासक्रम पुरा करून महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीचे प्रमाणपत्र हाती पडल्यावर, आता आपण एका मान्य व्यवसायात रीतसर प्रवेश केला आहे, आणि ज्या समाजात दवाखान्याच्या खाटेपाशी माणूस कमी पडतो अशी ओरड नित्य चालू असते त्या समाजात आपणांस काम मिळण्यास कितीसा अवधी लागणार, असा जो विश्वास २०१२ सालच्या उन्हाळ्यात मी उराशी धरून होते, तो पुढील काही महिन्यांत कसकसा झिजत गेला, ते लिहून ठेवावे असे फार दिवस मनात होते. नोकरीसाठी वणवण पुष्कळांच्या वाट्याला येते, आणि माझी काही जगावेगळी होती असा माझा दावा नाही. तथापि त्या वणवणीत एक गोष्ट माझ्या ध्यानात आली ती आजही मला अस्वस्थ करते: विद्यार्थिनी असताना ज्या कामासाठी अख्खा वॉर्ड माझ्या भरवशावर सोपविला गेला, तेच काम पदविका हाती आल्यावर माझ्या खाती जमा धरावयास कोणीही तयार होईना.

मी लातूर जिल्ह्यातील, औसा तालुक्यातली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला तेव्हा मी तीन वर्षांची होते. मला त्यातले काही आठवत नाही, परंतु दगडमातीच्या घराचे जड माळवद आईच्या पायावर कसे आले, तिला सोलापूरच्या मोठ्या दवाखान्यात कसे नेले, आणि तेथील गर्दीत एका परिचारिकेने तिच्या मनगटावर चिकटपट्टी लावून तिजवर नाव-गाव लिहून घेतले व “लेकरू कुणापाशी आहे?” असे विचारून माझा ठावठिकाणा लागेपर्यंत पाठ सोडली नाही, हे मी आईच्या तोंडून इतक्या वेळा ऐकले आहे की, ती बाई मी स्वतः पाहिली असावी असे वाटते. बारावी झाल्यावर काय करावयाचे, हा प्रश्न आमच्या घरी म्हणूनच फारसा पडला नाही. मराठवाड्यातल्याच एका जिल्हा रुग्णालयाला जोडलेल्या परिचर्या विद्यालयात माझा प्रवेश झाला. तीन वर्षे अभ्यासाची आणि शेवटचे सहा महिने आंतरवासितेचे, असा तेव्हा त्या अभ्यासक्रमाचा शिरस्ता होता.

त्या साडेतीन वर्षांविषयी मला कृतज्ञता आहे, आणि ती मी आरंभीच नमूद करते, कारण पुढे जे लिहिणार आहे त्यावरून कोणाचा गैरसमज होऊ नये. शिकविणाऱ्या बाई तळमळीच्या होत्या. परंतु वॉर्डावर विद्यार्थिनींची वाटणी होई ती बहुधा रिकाम्या जागा पाहून होई. अध्यापन-रुग्णालयातील सामान्य वॉर्डात तीन रुग्णांमागे एक व इतर रुग्णालयांत पाच रुग्णांमागे एक परिचारिका असावी, असे भारतीय परिचर्या परिषदेचे प्रमाण आम्ही पहिल्याच वर्षी पाठ केले होते, आणि दुसऱ्या वर्षी रात्रपाळीला उभ्या राहिलो तेव्हा दोन वॉर्डांस मिळून एक सिस्टर, खाटांच्या मधल्या वाटेत सतरंज्या अंथरून निजलेले रुग्ण, आणि एका वॉर्डाच्या टेबलापाशी मी, असा प्रत्यक्ष देखावा होता. सिस्टर पलीकडच्या वॉर्डातून हाक मारली की येत. पण हाक केव्हा मारावयाची हे ठरविणे माझ्याकडे होते, आणि या व्यवसायातले अर्धे ज्ञान तेथेच आहे.

आमच्याकडे पावसाळ्यात आणि फवारणीच्या दिवसांत विष प्यालेली माणसे येत. शेतकऱ्याच्या घरी कीटकनाशकाची बाटली कोनाड्यातच असते. भांडण होते, कर्जाचा तगादा येतो, आणि हात त्या कोनाड्याकडे जातो. अशा रुग्णाला ॲट्रोपिन द्यावे लागते, एका कुपीत ०.६ मिलिग्रॅम, आणि पहिल्या रात्री ते इतक्या थोड्या थोड्या अंतराने व इतक्या मात्रेत द्यावे लागते की, टेबलावर रिकाम्या कुप्यांचा ढीग पडतो. डॉक्टर मात्रा लिहून देतात व दुसऱ्या रुग्णाकडे जातात. त्यानंतर रात्रभर खाटेपाशी राहते ती परिचारिका. दर खेपेस बॅटरी डोळ्यांवर धरून बाहुल्या किती मोठ्या झाल्या ते पाहावयाचे, तोंडातील लाळ आटली की नाही ते बघावयाचे, छातीतली घरघर कमी झाली का ते ऐकावयाचे, नाडी मोजावयाची, आणि हे सर्व तक्त्यावर वेळेसह लिहावयाचे. औषध कमी पडले तर छातीत पाणी साचून श्वास कोंडतो. अधिक झाले तर रुग्ण तापतो, बरळू लागतो, चादर कुरतडल्यासारखी ओढू लागतो. या दोहोंच्या मधली अरुंद वाट रात्री दोन वाजता, डोळे मिटत असताना, ओळखावी लागते. तिसऱ्या वर्षी माझ्याच वयाची एक नवी सून अशी तीन रात्री माझ्या हातांखाली होती. चौथ्या दिवशी ती उठून बसली आणि तिने चहा मागितला. तिच्या सासूने माझे दोन्ही हात धरले. त्या वेळी मला कोणी विद्यार्थिनी म्हणून संबोधिले नाही.

प्रसूतीचेही तेच. आमच्या प्रसूतिवहीत किमान वीस सुखरूप प्रसूती स्वहस्ते केल्याची आणि तीस गर्भवतींच्या तपासणीची नोंद असावी लागे. माझी वही मुदतीच्या कितीतरी आधी भरली होती, आणि पुढल्या प्रसूतींची नोंद कोठे करावी हा प्रश्न होता, कारण वही संपली तरी बाळंतिणी येतच होत्या.

ही वही, कार्यपद्धतीच्या नोंदींची दुसरी वही, गुणपत्रके, नोंदणीचे प्रमाणपत्र, जातीचा दाखला, रहिवासाचा दाखला आणि यांच्या साक्षांकित नकला असे सगळे दप्तर घेऊन मी पुण्यास आले. पुणे अशासाठी की, आमच्या जिल्ह्यात खाजगी दवाखाने होते खरे, पण तेथे हाताशी धरून शिकविलेल्या मुलींवर काम चालते, आणि पदविका असलेल्या परिचारिकेस द्यावयाचे वेतन हे डॉक्टरांस व्यर्थ खर्च वाटते. पुण्याची गोष्ट निराळी असेल, असा माझा समज होता. मोठमोठी रुग्णालये, रोज नवी उभी राहणारी. त्यांच्या स्वागतकक्षात बसलेल्या मुलीकडे मी अर्ज देई, ती तो एका फडताळात ठेवी, आणि कधी कधी मुलाखतीचे बोलावणे येई. अर्जाच्या छापील नमुन्यात शिक्षणाच्या खाली एक रकाना असे: अनुभव, वर्षे. मी तेथे आंतरवासितेचे सहा महिने लिही. मुलाखत घेणारी व्यक्ती त्या ओळीवर पेन टेकवी आणि म्हणे, “हे धरत नाहीत. म्हणजे तुम्ही फ्रेशर. आम्हांला किमान एक वर्ष हवं, आयसीयूचं असेल तर उत्तम.” एक वर्षाचा अनुभव पहिली नोकरी मिळाल्याखेरीज कोठून आणावयाचा, हे विचारण्याचे धाडस मला एकदा झाले, उत्तर असे मिळाले की, लहान दवाखान्यात करून या. आणि लहान दवाखान्यांत काय होत होते, ते पुढे सांगते.

येथे एक गोष्ट न्यायबुद्धीने लिहिली पाहिजे. त्या मोठ्या रुग्णालयांनी मला जे प्रश्न विचारले ते सगळे निरर्थक नव्हते. सिरिंज पंप लावता येतो का, व्हेंटिलेटरवरचा रुग्ण सांभाळला आहे का, धमनीतल्या रक्तातील वायूंचा अहवाल वाचता येतो का, असे ते विचारीत. आणि ज्या रुग्णालयात मी शिकले तेथे सलाईनचे थेंब घड्याळाच्या काट्यावर मोजूनच वेग ठरवावा लागे, कारण पंप दोनचारच होते व तेही अतिदक्षता विभागात, जेथे आमची पाळी थोडेच दिवस आली. ज्या यंत्राला हात लावला नाही ते येते असे मी म्हटले नाही. परंतु ज्याने थेंब मोजण्याचे गणित केले आहे त्याला पंपाची कळ दाबावयास शिकविणे हे आठवडा-दोन आठवड्यांचे काम आहे, आणि रुग्णाचा चेहरा पाहून काहीतरी बिघडते आहे हे ओळखावयास शिकविणे हे वर्षांचे काम आहे. मुलाखतीत पहिल्या गोष्टीची विचारपूस होई. दुसरीसाठी त्या नमुन्यात रकानाच नव्हता.

अनुभवाचा हा आग्रह कोठून आला, हे मला पुढे त्या व्यवसायात राहून कळले. आखाती देशांत जावयाचे तर बहुधा दोन वर्षांचा अनुभव मागतात. त्यामुळे नवी परिचारिका एखाद्या रुग्णालयात रुजू होते, काम शिकते, आणि दोन वर्षे पुरी झाली की निघून जाते. तिच्यावर घेतलेले श्रम दुसऱ्याच्या उपयोगी पडतात, ही व्यवस्थापनाची तक्रार. मग त्यावर दोन तोडगे निघाले. एक, नवखीला घ्यावयाचेच नाही. दुसरा, घ्यावयाचे तर तिच्याकडून करारनामा लिहून घ्यावयाचा आणि मूळ प्रमाणपत्रे आपल्या कपाटात ठेवून घ्यावयाची. इतके वेतन दिले तर ती राहील, खाटांच्या मानाने पुरेशी माणसे ठेवली तर ती राहील, हा तिसरा तोडगा कोणाच्या मनात आला असेलही. मी ज्या कचेऱ्यांतून बसले तेथे तो ऐकू आला नाही.

आता त्या लहान दवाखान्यांची हकीकत. शहराच्या एका उपनगरात वीसेक खाटांचे एक शुश्रूषागृह होते. डॉक्टरांनी मला आदराने बसविले, प्रमाणपत्रे लक्षपूर्वक पाहिली, आणि माझी नोंदणी चालू आहे ना, एवढेच विचारले. मला वाटले, काम मिळाले. मग त्यांनी सांगितले की, रोज यावयाची आवश्यकता नाही. मुंबई शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम १९४९ सालचा आहे, आणि त्याखाली नोंदणी करताना व तिचे नूतनीकरण करताना अर्हताप्राप्त परिचारिका नोकरीस असल्याचे दाखवावे लागते. त्यांना माझ्या नोंदणीपत्राची नक्कल आणि हजेरीपटावर माझ्या सह्या पाहिजे होत्या. त्याबद्दल ते दरमहा एक लहानशी रक्कम घरपोच देणार होते, आणि वर्ष संपले की अनुभवाचा दाखलाही लिहून देणार होते. प्रत्यक्ष काम करणाऱ्या मुली आत होत्या. त्यांतली एक, दहावीसुद्धा झालेली नसावी, माझ्या देखत एका म्हाताऱ्या गृहस्थांस शिरेतून औषध देत होती. कोणते, ते तिने कुपीवर वाचलेले मला दिसले नाही.

त्या वेळी माझ्यापाशी खोलीचे भाडे देण्यापुरतेही पैसे नव्हते, आणि ज्या एका कागदासाठी मी दारोदार हिंडत होते तो कागद तेथे टेबलावर, मागितल्यावाचून, समोर ठेवला जात होता. मी नाही म्हटले. ते म्हणताना मला मोठे धैर्य लागले असे म्हणणे खरे होणार नाही. ते म्हातारे गृहस्थ माझ्यासमोर होते, आणि उद्या त्यांना काही झाले असते तर हजेरीपटावर त्यांच्या उशाशी मी होते, हे मला स्पष्ट दिसत होते. जिन्यावरून उतरताना मात्र रडू आले. प्रत्यक्ष राबून मिळविलेला अनुभव रकान्यात बसत नव्हता आणि न केलेल्या कामाचा अनुभव तेथे सहज बसणार होता, हा हिशेब मला सोसवेना. ती मुलगी अजून माझ्या मनातून जात नाही. तिचाही त्यात काय अपराध होता? तिला कोणी शिकविलेच नव्हते. आणि जिला शिकविले होते ती जिन्यावर उभी होती.

मी राहत होते त्या खोलीत आम्ही चौघी होतो. त्यांतली थोरली कोट्टयमकडची, एका मोठ्या रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात नोकरीस असलेली. तिला सगळ्या धाकट्या मुली चेची, म्हणजे ताई, म्हणत, म्हणून मीही चेची म्हणू लागले. तिच्या घरच्यांनी तिच्या शिक्षणासाठी बँकेचे कर्ज काढले होते. वेतनातून हप्ता गेल्यावर जे उरे त्यातून ती धाकट्या भावाची फी भरी. आमच्याकडे केरळच्या परिचारिकांविषयी पुष्कळदा असे बोलले जाते की, त्या येतात आणि आपल्या मुलींच्या जागा घेतात. ज्यांना तसे वाटते त्यांनी चेचीबरोबर एक महिना राहून पाहावे. दुहेरी पाळी करून आलेली ती बाई रात्री भात शिजत असताना मला व्हेंटिलेटरच्या पद्धती वहीत आकृत्या काढून समजावून देई, पाळी बदलताना पुढच्या सिस्टरला रुग्णांची माहिती सांगावयाची तो ओव्हर इंग्रजीत कसा द्यावयाचा ते पाठ करून घेई, आणि माझे उच्चार चुकले की हसत नसे. माझे शिक्षण बारावीपर्यंत मराठीतून झाले होते. परिचर्येची पुस्तके इंग्रजी असली तरी वॉर्डातली भाषा मराठी, रुग्णांची भाषा मराठी, आणि मुलाखतीची भाषा मात्र इंग्रजी. “यू नो द वर्क, मोळे,” ती म्हणे; मोळे म्हणजे पोरी; “तोंड उघडायला शिक.” तिच्या मराठीत मल्याळम होते आणि माझ्या इंग्रजीत औसा होता, आमचे बोलणे कधी अडले नाही.

घरून फोन येई. अण्णा, म्हणजे माझे वडील, प्रथम पावसापाण्याचे सांगत, सोयाबीनचे सांगत, मग थांबत. “लागलं का काही?” एवढेच विचारीत, आणि मी नाही म्हटले की घाईने दुसरा विषय काढीत, ही त्यांची घाई मला प्रश्नाहून जड जाई. स्थळे येत होती. पण आलेल्या प्रत्येकाची विचारणा एकच, मुलगी सरकारी आहे का. सरकारी जागांची जाहिरात कधी निघेल याचा कोणाला भरवसा नव्हता. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून अकरा अकरा महिन्यांच्या कंत्राटी नेमणुका होत, त्यांच्या याद्या जिल्हा परिषदेच्या फलकावर लागत, आणि त्या यादीतही अनुभव असलेल्या मुली आमच्या वर असत. एकदा अण्णा म्हणाले, “पोरी, तू परत ये. भूकंपात घर पडलं तेव्हा सुदिक आपण कुणाच्या दारात बसलो नाही.” त्यांना मला धीर द्यावयाचा होता. मी त्या दिवशी काही बोलू शकले नाही.

१९४६ साली भोर समितीने आपला अहवाल दिला तेव्हा देशात सुमारे सात हजार परिचारिका होत्या, म्हणजे ४३,००० लोकांमागे एक. ती संख्या पाचशे लोकांमागे एक अशी व्हावी, हे समितीने दूरचे ध्येय ठेविले होते. हा आकडा मी परीक्षेसाठी पाठ केला होता, आणि पुण्याच्या बसमधून अर्जांची पिशवी मांडीवर घेऊन जाताना तो वारंवार आठवे. ज्या देशाने परिचारिका नाहीत म्हणून इतकी वर्षे विद्यालये काढली, त्या देशात परिचारिका रिकामी बसते आणि रुग्णही परिचारिकेवाचून पडून राहतो, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी कशा खऱ्या असू शकतात? मला याचे उत्तर हळूहळू असे दिसू लागले की, तुटवडा खाटेपाशी आहे, आणि तो वेतनपत्रकात कधी उतरतच नाही. कारण रिकामी जागा विद्यार्थिनीने भरून निघते, अशिक्षित मुलीने भरून निघते, किंवा असलेल्या परिचारिकेच्या दुहेरी पाळीने भरून निघते. अशा रीतीने भरून निघालेली जागा कागदावर कोणालाच रिकामी दिसत नाही, आणि दारात उभ्या असलेल्या नव्या मुलीला सांगावे लागते की, सध्या जागा नाहीत.

पावसाळा सरत आला तेव्हा एका विश्वस्त संस्थेच्या रुग्णालयातून बोलावणे आले. तेथील मेट्रन वयाने निवृत्तीला टेकलेल्या, मिरजेच्या वॉनलेस रुग्णालयात शिकलेल्या. त्यांनी अर्ज पाहिला, रकान्यावर पेन टेकविला नाही. “वह्या आणल्यास?” त्यांनी विचारले. मी दोन्ही वह्या पुढे केल्या. त्या वाचू लागल्या. वाचल्या म्हणजे खरोखर वाचल्या, पाने उलटली नाहीत. मग म्हणाल्या, “ॲट्रोपिनवरचे पेशंट पुष्कळ दिसताहेत. आता पुरे झालं, असं तुला कशावरून कळायचं?”

मी म्हटले, “मॅडम, ठरवायचं डॉक्टरांनी. पण मी त्यांना बोलवायची ते ह्यावरून: बाहुल्या मोठ्या झाल्या, तोंड कोरडं पडलं, छाती मोकळी झाली आणि नाडी वर गेली, तर. आणि पेशंट चादर ओढायला लागला, अंग तापलं, तर थांबायचीच नाही, धावत जायची.”

“आणि डॉक्टर झोपले असले तर?”

“उठवायची.”

“ओरडले तर?”

“ओरडून झाल्यावर ते यायचे, मॅडम.”

त्यांनी वही मिटली. “उद्या मॉर्निंगला ये. आठला ओव्हर असतो, साडेसातला पोच.” दुसऱ्या दिवशी त्यांनी मला पुरुषांच्या वॉर्डात उभे केले, एका कृश वृद्धाच्या हातावर इंट्राकॅथ लावावयास सांगितले, एका शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाचे अंथरूण त्याला न उठविता बदलावयास सांगितले, आणि दुपारच्या सिस्टरला ओव्हर द्यावयास लावला. त्या बाजूला खुर्चीवर बसून होत्या. मी इंग्रजीत सुरुवात केली आणि तिसऱ्या रुग्णापाशी मराठीत आले. कोणी अडविले नाही. सायंकाळी नेमणुकीचा कागद मिळाला.

ती नोकरी सुखाची होती असे मी म्हणणार नाही. वेतन दरमहा साडेसहा हजार. दोन वर्षांचा करारनामा. मूळ प्रमाणपत्रे कचेरीतल्या कपाटात. मेट्रन मॅडमना ते पसंत नव्हते, पण तो निर्णय त्यांच्या हातातला नव्हता. रात्रपाळीचे घड्याळ पुष्कळदा सकाळच्या पाळीत मिसळून जाई. पंप, मॉनिटर, व्हेंटिलेटर यांची माझी भीती दुसऱ्या महिन्यात गेली. चेचीने काढून दिलेल्या आकृत्या मी ॲप्रनच्या खिशात बाळगीत असे, त्यांची गरज उरली नाही. करार संपल्यावर कपाटातून प्रमाणपत्रे परत मिळाली आणि तो दाखला मिळाला: अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत स्टाफ नर्स, वर्तणूक चांगली. एवढी एक ओळ. तिच्या बळावर पुढची सर्व दारे उघडली, सरकारी परीक्षेनंतरची अधिपरिचारिकेची नेमणूकही त्यांतच आली. मला त्या दाखल्याचे मोल ठाऊक आहे. पण त्या नव्या सुनेच्या सासूने ज्या दिवशी माझे हात धरले त्या दिवशी मला जे येत होते, त्याहून फार निराळे असे काही त्या ओळीत लिहिलेले नव्हते.

मधल्या काळात परिचारिकांच्या संघटनेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २९ जानेवारी २०१६ रोजी खाजगी रुग्णालयांतील परिचारिकांच्या वेतनाविषयी समिती नेमण्याचा आदेश दिला. त्या समितीने दोनशेहून अधिक खाटांच्या रुग्णालयात राज्य शासनाच्या परिचारिकेइतके वेतन असावे, शंभर ते दोनशे खाटांत ते दहा टक्क्यांहून अधिक कमी नसावे, पन्नास ते शंभर खाटांत पंचवीस टक्क्यांहून अधिक कमी नसावे, आणि पन्नासहून लहान रुग्णालयातही वीस हजारांहून कमी नसावे, अशी शिफारस केली. अंमलबजावणी राज्यांवर सोपविली गेली. माझ्या मागून आलेल्या मुलींशी मी बोलते तेव्हा असे दिसते की, पुष्कळींना ही शिफारस ऐकूनही माहीत नसते. आणि ज्यांना माहीत असते त्या पहिल्या मुलाखतीत तिचा उच्चार करीत नाहीत, कारण समोरच्या टेबलावर प्रश्न वेतनाचा नसतोच, तो रकान्याचाच असतो.

आज माझ्या वॉर्डात विद्यार्थिनी येतात. त्यांच्या वहीत आम्ही सह्या करतो. नियमाने तेवढे पुरे असते, आणि कामाच्या घाईत बहुतेक ठिकाणी तेवढेच होते. मी माझ्यापुरता एक परिपाठ ठेवला आहे. जिने रात्रपाळी केली तिच्या वहीत त्या रात्रीची तारीख, वॉर्डातील रुग्णसंख्या, त्यांतले गंभीर किती, तिने देखरेखीखाली काय केले आणि स्वतःहून काय केले, कोणता बदल तिने प्रथम ओळखला व कोणास कळविला, हे मी मराठीत व इंग्रजीत लिहिते, खाली पूर्ण नाव, हुद्दा आणि शिक्का. पान भरले की तिला त्याच्या नकला काढून ठेवावयास सांगते. मुलाखतीस जाताना ही पाने अर्जाला जोडावी, आणि “हे धरत नाहीत” असे कोणी म्हणाल्यास पान उघडून त्यातली एक रात्र तोंडी सांगावी, अशी त्यांची तयारी आम्ही पाळी संपल्यावर चहाच्या वेळी करून घेतो. आमच्या दोन जुन्या इन्चार्ज सिस्टरही आता तसे लिहू लागल्या आहेत. काही रुग्णालयांतून ती पाने न पाहताच परत आली. एका ठिकाणी मात्र मुलाखत घेणाऱ्या बाईंनी खात्री करण्यासाठी मला फोन केला, त्या मुलीने प्रसूतीनंतरचा रक्तस्राव कसा ओळखला होता ते माझ्याकडून अर्धा तास विचारून घेतले, आणि तिला घेतले.